जेवढे झाकता येईल, तेवढेच उघडा

निफाड तालुक्यातल्या ओझरला बाणगंगेकाठच्या जुन्या गावठाणातून चाला किंवा मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या नव्या कॉलन्यांतून, एक चित्र ठिकठिकाणी दिसते. चारी बाजूंनी भिंत, गंजून बसलेले फाटक आणि आत उभा माणूस दिसणार नाही एवढे माजलेले रान. गावठाणातले असे तुकडे म्हणजे पडलेल्या वाड्यांची परसे. कॉलन्यांतले तुकडे म्हणजे पुढे घर बांधू म्हणून घेतलेले, भिंत घालून ठेवलेले आणि तसेच राहून गेलेले प्लॉट. 1964 साली येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग नोकरदारांची वस्ती वाढली आणि एक-दोन गुंठ्यांच्या भिंतबंद जागा गावाच्या चारी अंगांना तयार झाल्या. अशा जागेत भाजीपाला करावा, हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि तो योग्यच आहे. पण बहुतेक वेळा सुरुवातच चुकते. एका दिवसात सगळे रान उपसले जाते, माती उघडी पडते, उत्साहात सगळीकडे बी टाकले जाते आणि पोळ्यापर्यंत रान पुन्हा गुडघ्याला लागते. दोष मेहनतीचा नसतो. जेवढी जमीन झाकून ठेवण्याची, भिजवण्याची आणि निगराणीची ताकद आपल्याकडे आहे, त्याच्या कितीतरी पट जमीन आपण उघडी केलेली असते. म्हणून या लेखाचे सांगणे एकच: जेवढे झाकता येईल, तेवढेच उघडा. बाकीच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

हे का, ते समजण्यासाठी आधी रानाकडे नीट पाहायला हवे. पडीक परसात वाढणारे गवत म्हणजे नुसता वर दिसणारा हिरवा पसारा नव्हे. एखाद्या ओल्या सकाळी वीतभर लांब-रुंद चौकोन खुरप्याने हलक्या हाताने उकरून पाहा. लव्हाळ्याचे पाते जिथे जमिनीत शिरते तिथे एक फुगीर गाठ लागते, तिच्यापासून काळा, केसासारखा बारीक पण चिवट दोरा निघतो, बोटभर अंतरावर दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. पाते उपटले की दोरा तुटतो, गाठी मातीतच राहतात, आणि आतापर्यंत झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. म्हणजे एक लव्हाळा उपटून आपण चार लावलेले असतात. हराळीचेही तसेच. तिच्या मुळकांड्याचे पेर तुटले की प्रत्येक पेराची नवी हराळी होते. गाजरगवताची तऱ्हा वेगळी. पुण्यात 1955 च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलेले हे तण आज महाराष्ट्राच्या कोपऱ्याकोपऱ्यात आहे, कारण त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते आणि उघड्या, हललेल्या मातीत ओल मिळाली की त्या उगवून येतात. तिन्ही तणांची ताकद एकाच ठिकाणी आहे: तुटलेली आणि उघडी पडलेली माती. आपण जमीन खणून मोकळी करतो, तेव्हा आपल्या भाजीआधी त्यांची सोय करतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जेसीबी लावला तर तासाभरात सगळे साफ होते, वर्षभर खुरपत कोण बसणार? साफ होते हे खरे, पण काय साफ होते ते पाहा. यंत्राचे बकेट गवतासोबत वरची चार-सहा इंच माती ओढून नेते. वर्षानुवर्षे पाला कुजून झालेली ही माती म्हणजे पडीक परसाची खरी कमाई. ती ढिगाऱ्यात जाते आणि खालचा चिकट थर किंवा मुरूम वर येतो. काळी माती ओली असताना यंत्राच्या वजनाने दाबली गेली, तर तिचा असा गच्च थर बसतो की पाणी वर साचते आणि मुळे खाली जात नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीची पेरे मात्र तुकडे होऊन सगळीकडे समान पसरतात. जुन्या वाड्याची दगड-मातीची भिंत शेजारी असेल तर हादऱ्याने ती ढिली होते, ते निराळेच. यंत्राचा उपयोग आहे, पण तो मोठा राडारोडा किंवा पडलेल्या भिंतीचे दगड हलवण्यापुरता, तोही कोरड्या दिवसांत आणि वाफ्यांची जागा सोडून. दुसरा झटपट उपाय म्हणजे तणनाशक. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर नोंदणीकृत कीड-नियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढली, हे अनेकांना माहीतही नसते. आणि ते बाजूला ठेवले तरी हे तणनाशक उभे तण मारते, मातीतल्या बियांना हात लावत नाही. चार भिंतींच्या आत, जिथे घरची मुले वावरणार आणि जिथली मेथी आपण त्याच दिवशी पानात घेणार, तिथे फवारणीने सुरुवात करण्याचे कारणच नाही.

मग किती जमीन उघडायची? याचे उत्तर भिंतीच्या लांबी-रुंदीत शोधू नका, पाण्यात शोधा. हा धडा बाहेरून आणण्याची गरज नाही, तो ओझरनेच साऱ्या महाराष्ट्राला दिला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरची शेती शेपटाकडे येते. कालव्यातून वर भरपूर उपसा झाला की खाली पाणी पोचायचे नाही. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केले आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला येथे महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था कामाला लागल्या. पाणी क्षेत्रावर नाही तर घनमापावर मोजून घ्यायचे, हंगामाआधी हाती किती पाणी आहे ते पाहायचे, मग कोणते पीक किती लावायचे ते ठरवायचे, आणि नाल्यांवर बंधारे घालून विहिरींची पातळी राखायची, अशी ही शिस्त होती. राज्याने 2005 साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, त्याच्या मागे जे अनुभव होते त्यांत ओझरचा अनुभव ठळक आहे. शेकडो एकरांवर जे खरे ठरले, ते दोन गुंठ्यांच्या परसाला आणखी जास्त लागू आहे. आधी पाणी मोजा, मग वाफे आखा.

हिशोब सोपा आहे. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे रोज साधारण पाच लिटर पाणी धरावे. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, जवळजवळ शंभर चौरस मीटर. पूर्ण एक गुंठा लावला तर रोज पाचशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या तेहतीस बादल्या लागतील. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या घराला हे झेपणारे नाही, आणि न झेपणारी बाग एप्रिलमध्ये वाळते आणि जूनमध्ये रान होते. याउलट चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असा एक वाफा घ्या. हाताला दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचता येते, आत पाय द्यावा लागत नाही. त्याला सवाएक बादली पुरते. असे चार वाफे म्हणजे पाच बादल्या. स्वयंपाकघरात भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी यातच वळते करता येते. पहिल्या वर्षी चार वाफे हीच मर्यादा ठेवावी आणि वाफ्यांमधल्या दीड फुटाच्या वाटा कायमच्या ठरवून टाकाव्यात. पाणी वाढवण्याचा मार्गही भिंतीच्या आतच आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पन्नास चौरस मीटरच्या स्लॅबवर हंगामात पाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर पंचवीस हजार लिटर होतात. ते सगळे साठवणे शक्य नसले, तरी पन्हळीखाली एक-दोन ड्रम आणि वरचे पाणी जिरवायला, घराच्या आणि भिंतीच्या पायापासून दहा फूट दूर, एक खड्डा एवढे केले तरी फरक पडतो. दोनशे लिटरचा ड्रम तीन-चार फूट उंचीवर ठेवून ठिबकची नळी जोडली, तर मोटारीशिवाय वाफे भिजतात. द्राक्षबागांच्या या तालुक्यात काढून टाकलेली पण वापरण्याजोगी नळी मिळणे अवघड नाही.

कामाला हात घालण्याआधी जागेचा आणि जिवाचा विचार करावा. जागा दुसऱ्याची असेल, भाऊबंदकीत अडकलेली असेल, तर दोन ओळींची का होईना लेखी संमती घ्या. तीन वर्षांची मेहनत एका फोनने बंद पडू नये. पहिल्या दिवशी फाटकाबाहेरूनच पाहणी करावी. आतल्या झाडावर मोहोळ आहे का, भिंतीला बिळे आहेत का, कुठे खोल खड्डा किंवा जुनी विहीर गवताखाली झाकली गेली आहे का. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप अशा जागेत असू शकतात. म्हणून भर उजेडात, पायात गमबूट घालून, लांब काठीने पुढचे गवत हलवत फाटकापासून आत एकाच दिशेने कापत जावे, म्हणजे आतल्या जिवांना समोरच्या बाजूने निघून जायला वाट राहते. चारी बाजूंनी घेरून कधीही कापू नये, आणि पेटवून तर मुळीच देऊ नये. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे यात वेळ न घालवता माणसाला शांत ठेवून, अंग न हलवता 108 रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे. निफाड तालुक्यात उसाच्या आडोशाने बिबटे वावरतात. वस्तीच्या कडेच्या दाट परसात तशी खूण दिसली तर आत न जाता वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. गाजरगवताने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. मोठी झाडे सरसकट तोडू नका. नगरपरिषद हद्दीत झाड तोडायला 1975 च्या झाडे संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. आणि सीताफळ, पेरू, शेवगा, कढीपत्ता यांपैकी काही जुने झाड आत सापडले, तर ती बागेची पहिली कमाई समजा. भिंतीच्या फटीत रुजलेले पिंपळ-वडाचे रोप मात्र लहानपणीच काढायला हवे. ते मोठे झाले की भिंतच घेऊन खाली येते.

आता वेळापत्रक. पडीक जागा हाती घ्यायला होळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. गवत वाळलेले असते, साप-विंचवाचा अंदाज घेता येतो आणि पुढे वैशाखाचे ऊन हाताशी असते. साऱ्या जागेतले गवत जमिनीलगत कापा, पण खणू नका. खणायची ती फक्त चार वाफ्यांची जागा. येथे कोणी म्हणेल, मग बापजाद्यांनी सांगितलेली उन्हाळी नांगरट चूक का? मुळीच नाही, उलट ती याच नियमाचा भाग आहे. हराळी आणि कुंद्यासारखी खोल मुळांची तणे मारायला वैशाखाच्या उन्हाइतके स्वस्त औषध नाही. टिकावाने ढेकळे उलथून टाकावीत, पंधरा दिवस रणरणत्या उन्हात तापू द्यावीत, मग ढेकळे फोडताना मुळकांड्या हाताने वेचून काढाव्यात. फरक एवढाच की हे उघडणे ठरवून, थोड्या जागेपुरते आणि ठरावीक मुदतीचे असते. वळवाचा पहिला पाऊस येण्याआधी ती जमीन झाकलेली हवी. जिथे लव्हाळा दाट आहे, तिथे वाफा एकदा भिजवून त्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून बसवावे आणि कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवावे. आतली उष्णता वरच्या थरातल्या बिया आणि कोवळे कोंब मारते. खोलवरच्या गाठी यानेही मरत नाहीत. त्यांच्यासाठी एकच उपाय आहे, तो म्हणजे कोंब वर आला की दर पंधरा दिवसांनी तो गाठीसकट काढत राहणे. चार वाफ्यांत हे जमते, दोन गुंठ्यांत जमत नाही. कमी उघडण्याचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

जूनमध्ये पाऊस लागला की चारपैकी दोन वाफ्यांत ताग दाट पेरावा. सहा-सात आठवड्यांत, फुलावर येण्याआधी तो कापून तिथेच मातीत दाबला की पुढच्या पिकाला नत्र मिळते, आणि दरम्यान त्याच्या सावलीत तणाला डोके वर काढता येत नाही. उरलेल्या दोन वाफ्यांत भेंडी, गवार आणि कडेने वेल घ्यावेत. झाकायला काय वापरायचे हा प्रश्न ओझरमध्ये पडूच नये. उसाचे पाचट, गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा, झाडाचा पाला आणि मुख्य म्हणजे त्याच परसात कापलेले गवत. फुलावर येण्याआधी कापलेले गाजरगवतसुद्धा आच्छादनाला आणि खताला चालते. फुललेले मात्र वेगळे काढावे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या द्राक्षकाड्या तुकडे करून खतटाकीच्या तळाला घालता येतात, पण फवारलेला ताजा पाला भाजीच्या वाफ्यावर पसरू नये. आच्छादनाचा थर चार बोटांचा हवा आणि रोपाच्या खोडापासून थोडा दूर. मे महिन्यात असा थर बाजूला सारून हात घातला तर फरक समजतो. शेजारची उघडी काळी माती बोट जाईल एवढ्या भेगा पडून दगड झालेली असते, आणि आच्छादनाखालची माती मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो.

खतासाठीही बाहेर पाहण्याची गरज थोडीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली आणि त्यांच्याच नावावरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत नेमकी अशा जागेसाठी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची टाकी, भिंतींत हवेसाठी भोके, आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर रचत जायचे आणि वरून लिंपायचे. सुमारे दीड टन काडीकचऱ्याला नव्वद-शंभर किलो शेण पुरते, हे या पद्धतीचे मोठे वैशिष्ट्य. गावात गाई-म्हशी कमी झालेल्या काळात त्याला आणखी मोल आहे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. एवढी टाकी नको असेल तर पडलेल्या भिंतीच्याच विटा मोकळ्या रचून तीन फुटी चौकोन करावा. एक सावधगिरी मात्र जरूर घ्यावी. आपल्याकडची काळी माती बहुधा चुनखडीयुक्त आणि विम्लाकडे झुकणारी असते, त्यात जुन्या वाड्याच्या परसात चुन्याची आणि चुलीच्या राखेची भर पडलेली असते. म्हणून ‘परसात राख टाका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला येथे आंधळेपणाने पाळू नये. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला, तर अशा मातीत लोह मिळत नसल्याची ती खूण असते. माती परीक्षण करून घ्यावे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र नाशिकलाच आहे, तेथे मार्गदर्शन मिळते. ज्या गावाची जुनी ओळख ‘ओझर तांबट’ अशी, तिथल्या एखाद्या परसात पूर्वी धातुकाम किंवा अलीकडे गॅरेज असेल, तर तशी जागा सोडून द्यावी, नाहीतर बाहेरची चांगली माती आणून उंच गादीवाफे करावेत.

आता भिंतीकडे वळू, कारण भिंत हीच अशा बागेला उघड्या मळ्यापासून वेगळी करते. इंग्लंडमध्ये जुन्या इस्टेटींत उंच विटांच्या भिंती घालून भाजीपाला आणि फळे करत. थंड हवेत भिंतीची ऊब हवी म्हणून त्या असत. आपल्याकडे त्या विचाराची निम्मी बाजू उलटी करावी लागते. ओझर साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सहा फुटी दक्षिण भिंतीची सावली तेव्हा दुपारी बारा-साडेबारालाही आत पावणेसहा फुटांपर्यंत पडते. म्हणून हिवाळ्यात दक्षिण भिंतीलगत वांगी-टोमॅटो लावून उपयोग नाही. तिथे खतटाकी, ड्रम आणि कमी उन्हावर भागवणारा आळू ठेवावा. उत्तरेकडच्या भिंतीच्या पुढ्यात मात्र हिवाळाभर ऊन असते आणि रात्री भिंत साठवलेली ऊब सोडते. निफाडच्या थंडीत काही वेळा पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा टोमॅटो, मिरची आणि वांग्याला हीच जागा वाचवते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, भिंतीची सावली नाहीशी होते, आणि सगळा परस तापतो. तेव्हा मदतीला येते ती पश्चिमेची भिंत. एप्रिल-मेमध्ये चार-साडेचारच्या सुमारास तिची सावली सात ते नऊ फूट आत येते. दिवसाच्या शेवटच्या तापातून सुटलेल्या या पट्ट्यात कोथिंबीर आणि पालक उन्हाळ्यातही तग धरतात. भिंतीवर किंवा तिच्यापासून हातभर पुढे तारा ताणून दोडके, कारली, गिलके, वालपापडी चढवली, तर जमिनीचा एक वीतभर तुकडाही न वाढवता पीक वाढते. पण पाण्याची आळी भिंतीपासून दीड-दोन फूट दूरच हवीत. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि पायाशी हा खेळ रोज चालला तर भिंतीला तडे जातात. भिंतीलगतची ती पट्टी ये-जा करायची वाट म्हणून ठेवावी.

पिकांची निवड करताना सर्वांत वजनदार आक्षेप समोर येतो. पिंपळगाव बसवंत आणि नाशिकच्या बाजारपेठा हाकेच्या अंतरावर असताना, मोसमात भाजी मातीमोल होत असताना, एवढा खटाटोप कशाला? पैशाच्या हिशोबाने पाहिले तर कांदा, कोबी, बटाटा घरी लावण्यात अर्थ नाही हे मान्य करावे. ज्या मातीतून ‘बसवंत 780’ आणि ‘एन-2-4-1’ सारखे कांद्याचे वाण निघाले, तिथला शेतकरी कांदा आपल्यापेक्षा चांगलाच पिकवतो, त्याच्याकडूनच तो घ्यावा. परसाने तेच करावे जे बाजार करू शकत नाही. पालेभाजी तोडल्यापासून तासातासाने उतरते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत हाती येतो. पालक एकदा पेरला की तीन-चार वेळा कापता येतो. मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या, कढीपत्त्याची एक डहाळी हे रोज लागते आणि रोज थोडेच लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेने प्रौढाच्या दिवसाच्या ताटात सुमारे 400 ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. चौघांच्या घराला याप्रमाणे दीड किलोहून जास्त भाजी रोज हवी. चार वाफे ती सगळी देणार नाहीत. पण या चारशे ग्रॅममधला जो हिरव्या पानांचा वाटा बहुतेक घरांत सर्वांत आधी कापला जातो, तो भरून काढू शकतील. शिवाय त्या पानावर काय फवारले हे आपल्याला ठाऊक असेल. मावा-तुडतुड्यांना पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे एका लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी वाटून रात्रभर भिजवून गाळलेले पाणी पुरते. वेलांवरच्या फळमाशीला कामगंध सापळा, आणि वाफ्याच्या टोकांना झेंडू. लहान बागेत कीड डोळ्यांनी दिसते आणि हाताने वेचता येते. तण म्हणून उपटला जाणारा घोळ आणि तांदुळजा याही भाज्याच आहेत, त्या ओळखून ठेवा.

शेवटचा आक्षेप शेजाऱ्यांचा असतो: चार वाफे केलेत ठीक, पण उरलेले रान तसेच ठेवणार का, त्यात डास-साप होणार नाहीत का? उरलेली जागा न खणणे म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करणे नव्हे. ती विळ्याने वारंवार कापत राहायची, कोणतेही गवत फुलावर येऊ द्यायचे नाही, फुटके डबे आणि करवंट्या हटवून पाणी साचू द्यायचे नाही. घोट्याएवढ्या गवतात सापाला लपणे अवघड जाते. आणि कापलेले प्रत्येक ओझे वाफ्यावर किंवा टाकीत जाते. म्हणजे न उघडलेली जमीन उघडलेल्या जमिनीला खाऊ घालते. दरवेळी कापली गेल्याने तणाची मुळेही खंगत जातात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी जेव्हा आणखी चार वाफे उघडाल, तेव्हा पहिल्या चारांच्या निम्म्या कष्टात ते होतील. पुढचा तुकडा उघडावा की नाही, याची कसोटी सोपी ठेवा. चैत्र-वैशाखात जर आधीच्या वाफ्यांवरचे आच्छादन तुटले नसेल आणि त्यांना पाणी कमी पडले नसेल, तरच पुढे सरका. पडले असेल तर त्या वर्षी थांबा आणि पन्हळीखाली आणखी एक ड्रम ठेवा.

वाघाडच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्यांनी पाण्याचे माप स्वीकारले आणि त्यांची शेती सावरली. भिंतीआडच्या परसालाही तीच रीत लावायची आहे. या होळीनंतर फाटक उघडा, एक दिवस नुसते आत कुठे किती ऊन आणि सावली येते ते पाहा, पाण्याच्या बादल्या मोजा आणि चार फूट बाय दहा फुटांच्या चार चौकोनांना चुन्याची फक्की मारा. घटस्थापनेला तागाच्या वाफ्यांत मेथी-पालक पेरले, तर दिवाळीच्या पहाटे फराळाच्या ताटांशेजारी घरची पहिली कोवळी जुडी असेल. उरलेले रान तोवर कापत राहा. ते कुठे जात नाही, आणि दरवर्षी थोडे थोडे भाजीच होत जाते.